शरीर जंतूंशी कसं लढतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसर्गजन्य आजार आणि प्रतिकारशक्ती यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे येऊन गेला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या दुखण्याचं निदान मात्र यावरून करू नका. ते काम तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं.

१. जंतू सगळीकडे असतात म्हणतात. मग आपण रोजच आजारी का पडत नाही?

कारण बहुतेकांना आत शिरताच येत नाही. त्वचेचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, कोरडा आणि किंचित आम्लधर्मी असतो. तो सतत झडतो आणि त्यावर बसलेले जंतूही सोबत घेऊन जातो. खरी जोखीम ओलसर जागांची: डोळे, नाक, घसा, फुप्फुसं, आतडी, मूत्रमार्ग. अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं विकर असतं, ते जिवाणूंची बाहेरची भिंत फोडतं. (अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली शोधलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी.) श्वासनलिकेत चिकट द्रवाचा पातळ थर असतो, धूळ आणि जंतू त्यात अडकतात. त्याखालचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलून तो थर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो आणि जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक जंतू संपतात. धूम्रपानाने हे केस लुळे पडतात, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांची छाती वारंवार भरते.

आतड्यात आणि त्वचेवर कायम वस्तीला असलेले निरुपद्रवी जिवाणूही आपल्या कामाचे आहेत. जागा आणि अन्न त्यांनीच व्यापल्यामुळे नव्याने आलेल्या जंतूंना पाय रोवता येत नाही.

२. साधा काटा मोडला तरी जागा लाल का होते, ठणकते का? आणि पू म्हणजे नेमकं काय?

काट्याबरोबर काही जिवाणू कातडीखाली जातात. तिथे भक्षक पेशी आधीपासूनच असतात. हा जिवाणू कोणता हे त्यांना कळत नाही, पण जिवाणूंच्या भिंतीत सापडणारे आणि आपल्या शरीरात कधीच नसणारे काही रेणू त्यांना ओळखता येतात. तेवढ्यावर त्या रासायनिक संदेश सोडतात. आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते आणि जागा गरम लागते. वाहिन्यांच्या भिंती जरा सैल होऊन रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. ताणलेल्या आणि जास्त संवेदनशील झालेल्या मज्जातंतूंमुळे ठणका. लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. त्यामागचं कारण कळायला मात्र अठराशे वर्षं जावी लागली.

रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या जागी येऊन वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंच्या रोखाने सरकत जातात. जिवाणू गिळतात आणि मरतात. त्यांचं आयुष्य तसंही काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले जिवाणू, विरघळलेल्या ऊती आणि द्रव यांचं मिश्रण म्हणजे पू. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, तेव्हा हा खर्च तिला परवडतो.

इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली मेसिना इथे हेच पाहिलं, तेही काट्यामुळेच. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. पुढे १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

लाली पसरत चालली, जखमेपासून वर लाल रेघ दिसू लागली किंवा ताप भरला, तर शरीराला एकट्याने आवरत नाहीये असं समजा आणि दवाखान्यात जा.

३. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या आल्या. म्हणजे इन्फेक्शन आहेच ना?

असेलच असं नाही. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० (दर मायक्रोलिटर रक्तात) हा नेहमीचा पल्ला. जास्त व्यायाम, ताण, गरोदरपण, स्टेरॉइडची औषधं यांनीही आकडा वर जातो. उलट डेंगीसारख्या विषाणूजन्य तापात तो खाली येतो. सुटा आकडा पाहून अँटिबायोटिक सुरू करू नका.

४. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण का येतं? घसा धरला की जबड्याखाली गाठी का लागतात?

शरीरभर पाचशेहून जास्त लसिकाग्रंथी आहेत. जखमेच्या जागेतला द्रव, जंतूंचे तुकडे आणि ते उचलून आणणाऱ्या पेशी जवळच्या ग्रंथीत पोचतात. त्या तुकड्याशी नेमक्या जुळणाऱ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तिथे सापडल्या की त्या भराभर विभागू लागतात. ग्रंथी फुगते ती या गर्दीने. दुखरी, हलणारी गाठ आजार गेल्यावर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत बसते. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी किंवा महिनाभर न जाणारी गाठ डॉक्टरांना दाखवा.

५. ताप चांगला की वाईट? उतरवायचा की राहू द्यायचा?

ताप जंतू आणत नाही, शरीर स्वतःच आणतं. पांढऱ्या पेशींचे संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि तापमानाचं ठरलेलं लक्ष्य वर सरकतं. समजा ते ३७ वरून ३९ अंश सेल्सिअसवर गेलं. अंग अजून ३७ वरच असतं, म्हणजे नव्या हिशेबाने गारच. म्हणून हुडहुडी भरते, हातपाय थंड पडतात, पांघरूण घ्यावंसं वाटतं. लक्ष्य पुन्हा खाली आलं की दरदरून घाम फुटतो.

वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात. सरड्याच्या जातीच्या इग्वानाला स्वतःहून ताप आणता येत नाही, पण जंतुसंसर्ग झाला की तो उबदार जागा शोधतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संसर्ग झालेल्या इग्वानांना थंड जागी ठेवलं, तेव्हा त्यांतले जास्त मेले.

याचा अर्थ पॅरासिटामोल घेणं चूक, असा नाही. ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, त्यामुळे चैन पडते, पाणी पोटात राहतं, झोप लागते. माझं मत असं की गोळी माणसाचा त्रास पाहून द्यावी, थर्मामीटर पाहून नव्हे. अपवाद आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. मान ताठ होणं, धाप लागणं, ग्लानी, झटके, लघवी अगदी कमी होणं, यांतलं काहीही तापासोबत असेल तर वयाचा प्रश्नच येत नाही.

६. व्हायरल तापाला चार-पाच दिवस ते आठवडा का लागतो? शरीर पहिल्याच दिवशी का नाही संपवत?

पहिल्या दिवशी जे करता येतं ते शरीर करतंच. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी त्याला हे नाव दिलं. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूच्या प्रती निघण्याचं काम रोखून धरतात. हिपॅटायटिस सीवर उपचार म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात, तेव्हा रुग्णांना फ्लूसारखीच अंगदुखी, कणकण आणि थकवा येई. फ्लूचा विषाणू अंगात नसताना! आजारपणाची जी लक्षणं आपण जंतूच्या खात्यावर टाकतो, त्यांतली बरीचशी आपल्याच बंदोबस्ताची असतात.

ही पहिली फळी विषाणूला थोपवते. मुळापासून काढायला त्याच विषाणूशी जुळणाऱ्या लिम्फोसाइट लागतात. अशा पेशी लाखात एखादी, कधी दहा लाखांत एखादी. ती ग्रंथीत सापडायची, विभागून तिच्या हजारो-लाखो व्हायच्या, मग त्या कामाला लागायच्या. पहिल्या भेटीत याला आठवडाभर, कधी दोन आठवडे लागतात. तोच जंतू दुसऱ्यांदा आला तर बऱ्याचदा कळतही नाही.

७. जो जंतू शरीराने कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठीची पेशी आधीच तयार कशी असते?

मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आणि अँटीबॉडीचे (जंतूला नेमकं चिकटणाऱ्या प्रथिनांचे) संभाव्य प्रकार अब्जावधी. हिशेब जुळत नाही. सुसुमु तोनेगावा यांनी तो जुळवला आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळालं. अँटीबॉडीचं जनुक सलग नसतं, तुकड्यांत असतं. प्रत्येक बी पेशी (अँटीबॉडी बनवणारी लिम्फोसाइट) घडताना ते तुकडे पत्त्यांसारखे पिसते, त्यांतले काही निवडून जोडते आणि जोडताना सांध्यावर थोडी खाडाखोडही करते. त्यामुळे जवळपास प्रत्येक नव्या बी पेशीची अँटीबॉडी वेगळी. टी पेशी या लिम्फोसाइटच्या दुसऱ्या प्रकारातही हेच घडतं.

नियोजन असं कुठेच नाही. जंतू येण्याआधीच नाना आकार अंदाधुंद बनवून ठेवायचे आणि जो लागू पडेल त्याच्या प्रती वाढवायच्या. अंदाधुंद बनवण्याचा धोका उघड आहे: काही पेशी आपल्याच शरीराला लागू पडणार. म्हणून छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी पेशींची परीक्षा होते. उमेदवारांतल्या बहुसंख्य पेशी तिथेच मरतात, अगदी थोड्या बाहेर पडतात. जॅक मिलर यांनी १९६१ साली या ग्रंथीचं महत्त्व दाखवलं, तोवर ती बिनकामाची समजली जायची.

८. अँटीबॉडी असताना टी पेशी कशाला हव्यात?

अँटीबॉडी पेशीच्या आत जाऊ शकत नाही. रक्तात, लाळेत, श्वासमार्गात मोकळा फिरणारा विषाणू ती पकडते. एकदा तो पेशीत घुसला की ती पेशीच मारावी लागते, आणि ते काम मारक टी पेशींचं. मदतनीस टी पेशी (सीडी४) मात्र कोणाला मारत नाहीत. त्या बी पेशींना आणि मारक पेशींना पुढे जायची परवानगी देतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशी संपवतो, म्हणून सगळी यंत्रणाच खिळखिळी होते.

९. गोवर एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही, मग सर्दी दर वर्षी का होते?

गोवराचा विषाणू प्रतिकारयंत्रणेला दिसणारं रूप सहसा बदलत नाही आणि त्याची आठवण खूप टिकते. याचा सुंदर पुरावा फेरो बेटांवर मिळाला. तिथे १७८१ साली गोवराची साथ आली, नंतर ६५ वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ साली तो परतला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० जणांना झाला. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. मधल्या काळात विषाणूशी एकदाही गाठ न पडता ही आठवण टिकली होती.

सर्दी हा एक आजार नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६० हून जास्त प्रकार आहेत, शिवाय इतर कुळांचे विषाणू. एकाची आठवण दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. फ्लूची तऱ्हा आणखी निराळी: तो आपलं बाह्यरूप सतत थोडंथोडं बदलतो, म्हणून त्याची लस दर वर्षी नव्याने ठरवावी लागते.

१०. आजार होऊन येणारी ‘नैसर्गिक’ प्रतिकारशक्ती लसीपेक्षा चांगली नाही का?

काही आजारांत ती पक्की असते, पण तिची किंमत आधी मोजावी लागते. गोवर झालेल्या साधारण हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. शिवाय गोवराचा विषाणू आठवण सांभाळणाऱ्या पेशींनाच मारतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गोवरानंतर त्यांच्या आधीच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. एक प्रतिकारशक्ती कमावताना आधी कमावलेल्या गमावल्या.

धनुर्वातात तर नैसर्गिक प्रतिकारशक्ती येतच नाही. त्याचं विष इतकं जहाल की प्रतिकारयंत्रणेच्या लक्षात येण्याइतकी मात्रा साचण्याआधीच माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावीच लागते.

११. काही लसींचे दोन-तीन डोस आणि वर बूस्टर कशासाठी?

पहिल्या डोसाने जुळणाऱ्या पेशी वाढतात. पुढच्या डोसांत त्यांतल्या जास्त घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी निवडल्या जातात आणि दीर्घायुषी आठवण-पेशी तयार होतात. दोन डोसांत अंतर हवं ते या निवडीला वेळ मिळावा म्हणून. डोस लांबला तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, पण मधल्या काळात संरक्षण अपुरं असतं.

१२. नवजात बाळाला प्रतिकारशक्ती असते का?

असते, पण बरीचशी आईकडून आलेली. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आयजीजी अँटीबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात जातात. दुधातून, त्यातही पहिल्या चिकातून, आयजीए मिळतात. त्या बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर राखण करतात. आयजीजी दर तीन आठवड्यांनी साधारण निम्म्या होतात आणि काही महिन्यांत संपतात. गोवराची लस नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास देतात त्याचं कारणही यातच आहे: आईच्या अँटीबॉडी शिल्लक असतील तर त्या लसीतला विषाणूच निकामी करतात.

१३. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काय घ्यावं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर वाचून सगळ्यांत जास्त लोक नाराज होतात. प्रतिकारशक्ती ही एकच एक गोष्ट नाही, त्यामुळे ती वाढवणारा काढा, गोळी किंवा पावडरही नाही. कमतरता असेल तर ती भरून काढल्याने फरक पडतो. कुपोषण, अ जीवनसत्त्वाचा अभाव, अपुरी झोप, धूम्रपान, अति मद्यपान, आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी यंत्रणा खरोखर कमजोर होते. हे दुरुस्त करा. ज्याला कमतरता नाही त्याने वरून गोळ्या घेऊन काही मिळत नाही. एखाद्या ठरावीक आजाराविरुद्ध प्रतिकार खात्रीने वाढवणारी गोष्ट एकच, त्या आजाराची लस. ती ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकली जात नाही एवढंच.

१४. पण प्रतिकारशक्ती जास्त असलेली बरीच ना?

नाही. निरुपद्रवी परागकणांवर आयजीई अँटीबॉडी उठल्या की ॲलर्जी. आपल्याच सांध्यांवर किंवा स्वादुपिंडावर हल्ला झाला की संधिवाताचे काही प्रकार, पहिल्या प्रकारचा मधुमेह. आणि संसर्गावरचा प्रतिसाद ताळ सोडून सगळ्या शरीरात पसरला की सेप्सिस. यात प्रश्न २ मधलीच प्रक्रिया, वाहिन्या रुंदावणं आणि द्रव झिरपणं, सर्वांगात एकाच वेळी होते. रक्तदाब कोसळतो, अवयव बंद पडू लागतात. म्हणूनच प्रतिकारयंत्रणेत हल्ला थांबवणाऱ्या नियंत्रक पेशीही असतात.

१५. अँटिबायोटिक घेतल्याने प्रतिकारशक्ती कमी होते का?

पांढऱ्या पेशींना सहसा काही होत नाही. नुकसान होतं ते प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या राहत्या जिवाणूंचं. मोकळ्या झालेल्या जागेत जुलाब लावणारे जंतू माजू शकतात. विषाणूंवर तर या औषधांचा काडीचा उपयोग नाही. जिवाणूंच्या आजारातही औषध त्यांची संख्या कमी करतं आणि उरलेल्यांचा निकाल शरीर लावतं. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णात योग्य औषध देऊनही संसर्ग हटत नाही तो यामुळेच.

१६. बरं झाल्यावरही जंतू शरीरात राहू शकतो का?

हो. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि कित्येक वर्षांनी, वय किंवा आजारपणामुळे टी पेशींचा पहारा ढिला पडला की नागीण होऊन बाहेर येतो. क्षयाचा जिवाणू तर भक्षक पेशीने गिळल्यावर तिच्या आतच तग धरतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचं कोंडाळं करून त्याला डांबून ठेवतं. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना असा सुप्त संसर्ग झाला असावा असा अंदाज आहे; त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांना पुढे कधीतरी प्रत्यक्ष क्षय होतो. एचआयव्ही आणि क्षय एकत्र आले की हा धोका अनेक पटींनी वाढतो, कारण कोंडाळं राखायला प्रश्न ८ मधल्या सीडी४ पेशीच लागतात.

१७. डेंगी दुसऱ्यांदा झाला तर जास्त गंभीर होतो म्हणतात. आधीची आठवण उपयोगी पडायला नको का?

डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा झाला त्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, इतर तिघांपासून काही महिनेच. नंतर दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. अँटीबॉडी चिकटलेली वस्तू गिळायची ही भक्षक पेशींची सवय. त्यामुळे विषाणूला ज्या पेशींत वाढायचं असतं त्यांच्या आत जायला आयतीच वाट मिळते. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला गंभीर होतो असं नाही, धोका वाढतो.

१८. लस आजाराआधी घ्यायची असते. मग रेबीजची लस चावल्यानंतर कशी चालते?

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. चावलेल्या जागेच्या स्नायूंतून तो मज्जातंतूत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाही पुरतो. या प्रवासात तो मज्जातंतूंच्या आत असल्याने प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा लागत नाही. लस त्याची ओळख आधीच करून देते आणि तो मेंदूत पोचण्याआधी अँटीबॉडी तयार होतात. पहिल्या आठवड्याची उणीव भरून काढायला खोल चाव्यात तयार अँटीबॉडी (इम्युनोग्लोब्युलिन) थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. पूर्वी लशीचा पूर्ण कोर्स झालेल्यांना त्या लागत नाहीत, पण लशीचे डोस लागतातच.

चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून ‘बघू, काही होतंय का’ हा पर्याय इथे नाही.

१९. अपघातात माझी प्लीहा (पाणथरी) काढली. डॉक्टर म्हणाले त्याशिवाय जगता येतं. मग काळजी कसली?

जगता येतं हे खरं, पण न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस यांसारख्या जिवाणूंभोवती साखरेच्या रेणूंचं गुळगुळीत कवच असतं, त्यामुळे भक्षक पेशींना ते सहजी पकडता येत नाहीत. असे जिवाणू रक्तातून गाळून काढण्यात प्लीहा पटाईत. ती नसेल तर त्यांचा संसर्ग काही तासांत जिवावर उठू शकतो. या जिवाणूंच्या लशी वेळापत्रकानुसार घ्या, आणि घरी ठेवायचं अँटिबायोटिक हवं का ते डॉक्टरांना विचारा. प्रश्न ५ मधला ‘त्रास पाहून ठरवा’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही: ताप आला की वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि प्लीहा काढली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.